पिकेपर्यंत थांबायचं, बॉस!

डेडलाइन म्हटलं की आपल्याला शुक्रवारची संध्याकाळ आठवते. पण गेल्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या ऱ्हाइनगाऊच्या उतारावर उभी राहिले आणि कळलं, खरी डेडलाइन द्राक्षांची. ती कुणी आधी सांगत नाही!

फ्रँकफर्टहून लोकल ट्रेननं गाइझनहाइमला उतरायचं आणि चढण चढत श्लॉस योहानिसबर्ग गाठायचं. खाली ऱ्हाइन नदी, उतारावर दक्षिणेकडे तोंड केलेल्या रिझलिंगच्या वेली. १७२० पासून इथे रिझलिंगच. फोटो एकदम सॉलिड येतात! पण तोडणी? अजून नाही. बागेतला माणूस एक मणी चिरडतो, दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो, उजेडाकडे धरून बघतो आणि नकारार्थी मान हलवतो. आमच्या आप्पांच्या खिशात असतं, तसलंच यंत्र. साखर अजून चढायचीय, आंबटपणा उतरायचाय. थांबावं तर पावसाची आणि कुजण्याची धास्ती, घाई करावी तर वाइन आंबट.

या थांबण्याचा इथे चक्क पुतळा आहे. १७७५ मध्ये तोडणीची परवानगी फुल्डाच्या बिशपकडून आणायची होती, म्हणे. ती घेऊन येणारा घोडेस्वार फारच उशिरा पोचला. तोवर द्राक्षांना बुरशी लागली होती. तरी तोडली, आणि वाइन निघाली अफलातून! उशिराच्या तोडणीची 'श्पेटलेझे' तिथून सुरू झाली, असं इथे सांगतात. त्या स्वाराचा पुतळा वाड्याच्या अंगणात आहे. ऑक्टोबरात युरोप करणार असाल तर त्याला भेटाच.

संध्याकाळी निफाडला घरी फोन लावला.

"आप्पा, इथे आता तोडणी सुरू होईल."

"आपली तर आत्ता कुठं गोडी छाटणी झाली गं. माल फेब्रुवारीत." मग जरा थांबून, "तिकडं आभाळ कसंय?"

२०१९ च्या अवकाळी पावसात आमची फुलोऱ्यातली बाग गळकुजीनं गेली. तेव्हापासून आप्पा आधी आभाळाचं विचारतात, मग माझं.

"ढग आलेत," मी म्हटलं.

"मग तुझा तो बागवाला आज झोपायचा नाही बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुद्दाम परत गेले. धुक्यात काही दिसत नव्हतं. तो मात्र बागेतच होता, काच उजेडाकडे धरून.