चिखलातलं लोह, हंड्यातलं लोह

लावणी होऊन महिना झाला की मुरबाडकडच्या एखाद्या खाचरात उतरा आणि भाताचा एक चूड चिखलासकट उपटून बघा. चिखल निळसर करडा असतो, त्याला सडका वास येतो. मुळं मात्र विटकरी, गंज चढल्यासारखी. ऑक्सिडक आणि क्षपणक ओळखण्याचा धडा मी वर्षानुवर्षं या चुडापासूनच सुरू करतो. शहापूर-मुरबाडच्या मुलांनी परीक्षानळीच्या कितीतरी आधी खाचर पाहिलेलं असतं.

मुलं अडतात ती नावांपाशी. ऑक्सिडकाचं स्वतःचं क्षपण होतं आणि क्षपणकाचं ऑक्सिडीकरण, हे वाक्य त्यांना पाठ असतं. समीकरण समोर आलं की हात थबकतो. त्यात ऑक्सिजन दिसला नाही तर विचारायलाच नको. ऑक्सिडीकरण हा शब्द लाव्हाझिएच्या काळातला, ऑक्सिजनवरून पडलेला. इलेक्ट्रॉनचा शोध लागला 1897 साली. नाव जुनंच राहिलं, हिशोब बदलला: इलेक्ट्रॉन घेतो तो ऑक्सिडक, देतो तो क्षपणक. इथे आपली भाषा मदतीला येते. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात एक क्षपणक आहे. क्षपणक म्हणजे सर्व सोडून दिलेला भिक्षू. जवळचं टाकून देतो तो क्षपणक, एवढं सांगितलं की देणारा कोण याची गल्लत माझ्या वर्गात फारशी होत नाही.

आता खाचराकडे येऊ. चिखलणी करून पाणी कोंडलं की मातीतला ऑक्सिजन जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. पालापाचोळा कुजवताना निघणारे इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी पदरात घालायला हवेत, नाहीतर जिवाणूंचं जगणंच थांबेल. ऑक्सिजन नाही म्हटल्यावर आधी नायट्रेट ते घेतं, मग मँगनीज, मग लोह, पुढे सल्फेट. तांबड्या मातीतलं +3 अवस्थेतलं लोह एक इलेक्ट्रॉन घेऊन +2 होतं, पाण्यात विरघळतं आणि मातीची लाली जाते. इथे लोह ऑक्सिडक. पण भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून उतरलेला ऑक्सिजन मुळाबाहेर झिरपतो. तेच लोह मुळाशी पोचलं की ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा +3 होतं आणि विटकरी लेप बनून मुळाला बिलगतं. काही मिलिमीटरांच्या अंतरात घेणारा देणारा झाला. म्हणून ‘लोह ऑक्सिडक की क्षपणक?’ असं कुणी विचारलं तर मी मुलांना आधी उलट विचारायला शिकवतो: समोर कोण आहे?

नायट्रेटचं घेणं तर थेट शेतकऱ्याच्या खिशाला लागतं. इलेक्ट्रॉन घेता घेता त्याचा नायट्रोजन वायू होतो आणि खत हवेत जातं. चारसूत्री भात लागवडीत युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचतात ती यासाठीच. तिथे ऑक्सिजन नसतो, त्यामुळे अमोनियमचं नायट्रेट होत नाही आणि नत्र मुळांच्या वाट्याला येतं. घरी ब्रिकेट खोचणाऱ्या मुलांना हे कळतं तेव्हा त्यांचे चेहरे बघावेत.

दुसरा धडा पाण्याचा. 1892 साली पुरं झालेलं तानसा आणि पुढचं भातसा, दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी शुद्ध होऊन, क्लोरीन घेऊन मुंबईला जातं. इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. दरवर्षी हे बघताना जिवाला लागतं. गावच्या विहिरीत आणि टाकीत जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालतो. त्या पावडरीतला क्लोरीन +1 अवस्थेत असतो; दोन इलेक्ट्रॉन घेऊन तो -1 होतो. जिवाणूंच्या पेशींतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून ते मरतात. पण बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह असेल (उपसताना नितळ, हंड्यात ठेवलं की तांबूस, असं पाणी), तर ते आधी पुढे होतं. एक मिलिग्रॅम लोहामागे सुमारे 0.64 मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतो. खाचरात ऑक्सिडक असलेलं लोह इथे क्षपणक झालं, आणि पावडर मापाने घालूनही जंतूंसाठी काही उरलं नाही.

उरलं की नाही ते पाहायला ओटी टेस्ट आहे. पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन त्याचं ऑक्सिडीकरण करतो आणि पिवळा रंग येतो. (हे द्रव्य विषारी, तपासलेलं पाणी ओतून द्यायचं.) एकदा एका मुलीने आपल्या पाड्यावरच्या टाकीचं, टीसीएल न घातलेलं पाणी आणलं. हळूहळू त्यालाही फिकट पिवळी छटा आली. वर्ग गोंधळला. मीही तिथेच थांबलो आणि मुलांना विचार करू दिला. मागच्या बाकावरून उत्तर आलं: “सर, ओटीला क्लोरीन ओळखताच येत नाही. इलेक्ट्रॉन घेणारा कुणी आहे, एवढंच तिला कळतं.”

अगदी बरोबर होतं. +3 लोह किंवा ऑक्सिडीकरण झालेलं मँगनीजही तो पिवळेपणा आणतं. फरक वेळेचा: मोकळा क्लोरीन असेल तर रंग काही क्षणांत उमटतो, बाकीच्यांचा सावकाश चढतो. तेव्हापासून आमची मुलं दोन नळ्या घेतात, एक टीसीएल घालण्याआधीच्या पाण्याची आणि एक नंतरची, आणि थेंब पडताच मोठ्याने आकडे मोजायला लागतात.