खारपाणपट्ट्यातला समुद्र

ऑफिसात रीफ टँक, म्हणजे जिवंत पोवळ्यांचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचा म्हटलं की समोरचा माणूस आधी मासे कोणते ते विचारतो. मी त्याच्याकडे सुट्ट्यांची यादी मागतो. रविवारी शटर उघडतं का, दिवाळीत किती दिवस कुलूप, संध्याकाळी निघताना मेन स्विच कोण पाडतो, इन्व्हर्टरवर कोणती लाइन आहे, मे महिन्यात वरचा स्लॅब किती तापतो. घरच्या टँकजवळ रात्री-बेरात्री कोणीतरी असतं. ऑफिसातला टँक आठवड्याच्या 168 तासांपैकी पन्नास-साठ तासच माणसांच्या नजरेखाली असतो. उरलेले शंभरावर तास त्याला एकट्याने काढायचे असतात आणि माझी सगळी आखणी त्या शंभर तासांसाठी असते.

बाळापूरचं काम एका अडतदाराच्या ऑफिसचं. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचं हे गाव. 1757 साली बांधून पुरा झालेला किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री यासाठी लोक ते ओळखतात, जुन्या माणसांना इथल्या सतरंज्या आठवतात. समुद्र इथून रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास. शेठनी लहानपणी मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. 1951 साली उघडलेल्या त्या मत्स्यालयाला निदान समुद्र तरी समोर होता. रस्ता ओलांडला की खारं पाणी. आपल्याला तो समुद्र पिशवीतल्या मिठापासून पहिल्या मजल्यावर तयार करायचा आहे, हे मी त्यांना पहिल्याच बैठकीत सांगितलं.

तेव्हा कोपऱ्यात रोजमेळ लिहीत बसलेल्या दिवाणजींनी मान वर केली. "आमच्याकडल्या इहिरीचं पानी आधीच खारं हाय भाऊ. मंग मीठ इकत कायले आनता?"

प्रश्न रास्त होता, आणि वऱ्हाडातच पडावा असा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून गेलेला खारपाणपट्टा बाळापूर तालुक्यातही शिरलेला आहे. तिथल्या भूजलाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांचे हाल केले. त्या पाण्यात सोडियम जास्त, आणि मिश्रण विहिरीगणिक बदलतं. त्याने ओलीत केलं की काळी जमीन आधी चोपण होते, मग वाळून कडक होते. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. तेही खारंच, पण त्याचा पीएच दहाच्या आसपास आणि समुद्राचा आठच्या थोडा वर. तिन्ही पाणी जिभेला खारट लागतात, पण पोवळ्याला त्यांतलं एकच चालतं.

समुद्राच्या पाण्याची खूण त्याच्या प्रमाणात आहे. 1872 ते 1876 या काळात चॅलेंजर जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलं. त्यांतले 77 नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. पाणी कुठे जास्त खारं, कुठे कमी. पण क्लोराइड, सोडियम, सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळजवळ तेच. एका लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार, त्यात कॅल्शियम चारशे मिलिग्रॅमच्या थोडं वर आणि मॅग्नेशियम तेराशेच्या जवळपास. हे प्रमाण सांभाळून बनवलेलं मीठ पिशवीत येतं. ते ज्या पाण्यात विरघळवायचं त्या पाण्यात आधीच भलते क्षार असतील तर पिशवीवरचं सगळं गणित बिघडतं.

म्हणून आधी पाणी कोरं करायचं. दिवाणजींनी एका स्टीलच्या पेल्यात बोअरचं पाणी आणलं, दुसऱ्यात नळाचं आणि तिसऱ्यात ऑफिसात रोज येणाऱ्या जारचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर एकेका पेल्यात बुडवला. बोअरच्या पेल्यात आकडा दोन हजारांच्या पुढे पळाला. नळाच्या पेल्यात तो काही शेकड्यांवर थांबला, जारच्या पेल्यात दोन अंकी आला. माणसाला जारचं पाणी बरं. टँकला लागतं शून्य. त्यासाठी आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार धरणारं डीआय रेझिनचं भांडं जोडायचं आणि तेही नळाच्या लाइनवर. बोअरच्या पाण्यावर आरओचं मेम्ब्रेन लवकर चोंदतं आणि निम्म्याहून जास्त पाणी गटारात जातं. ज्या भागात नळयोजनेचं गोडं पाणी यायला लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिथे शोभेच्या वस्तूसाठी पाणी वाहू देणं मला पटत नाही. नळाच्या पाण्यावर चालवलेल्या आरओचंही काही पाणी बाहेर पडतंच. ते एका ड्रममध्ये धरायचं आणि फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरायचं. आखणीच्या कागदावर तो ड्रम मी टँकइतक्याच ठळक रेषेने काढला.

माप ठरलं दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने सव्वाशे लिटर, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता खरं पाणी शंभर लिटरच्या आसपास. काच, दगड, पाणी आणि स्टँड धरून वजन दोनशे किलोपर्यंत जातं, तेव्हा जागा भिंतीलगत, तुळईवर. पश्चिमेची खिडकी नको; तिथलं दुपारचं ऊन शेवाळही वाढवतं आणि पाणीही तापवतं. लहान टँक सोपा असतो हा समज फार पसरलेला आहे. वस्तुस्थिती उलटी. खऱ्या रीफवर पाण्याचा खारेपणा आणि तापमान फार हळू हलतं. शंभर लिटरमध्ये ते एका दुपारीत हलतं.

आणि बाळापूरची दुपार! अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जाणं हे आता नवल राहिलेलं नाही. टँकला हवेत 25-26 अंश. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखाद अंशाने वर चढून काही आठवडे तसंच राहिलं, तरी पोवळी आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. 2024 च्या एप्रिलमध्ये अशा पांढरं पडण्याची, म्हणजे विरंजनाची, चौथी जागतिक घटना जाहीर झाली. त्या उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपची पोवळीही पांढरी पडली. जे अख्ख्या समुद्राला झेपलं नाही, ते बंद खोलीतल्या शंभर लिटरला कसं झेपेल? ऑफिस सुरू असताना एसी असतो. पण संध्याकाळी शटर पडतं, एसी बंद होतो आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओततो.

इथे वऱ्हाडाची कोरडी हवा मदतीला येते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने पाण्याच्या पृष्ठभागावर फिरवलेला छोटा पंखा टँक गार करतो. एक लिटर पाणी उडून जाताना जी उष्णता नेतं, तेवढ्याने शंभर लिटर पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरू शकतं. मे महिन्यात हा पंखा अप्रतिम काम देतो. मृग बरसला, हवा ओली झाली की तोच ढिला पडतो. म्हणून माझ्या कागदावर पंखाही आहे आणि चिलरही. चिलर केबिनच्या बाहेर, हवेशीर पॅसेजमध्ये. कारण पाण्यातून काढलेली उष्णता तो कुठेतरी टाकणारच, आणि ती त्याच कोंडलेल्या खोलीत टाकली तर उपयोग काय? शेठ म्हणाले, चिलर पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, मग टँकही पुढच्या वर्षी बघू. वऱ्हाडात चिलरचे पैसे वाचवून रीफ लावणं हा जिवांशी खेळ आहे, आणि त्यात मी हात घालत नाही.

पंखा पाणी उडवतो तसं मीठ मागे राहतं. दिवसाला दोन-तीन लिटर पाणी कमी झालं की खारेपणा चढतो, म्हणून तेवढं कोरं पाणी आपोआप भरणारी सोय लागते. शेठच्या मुलाला वाटलं, पंचवीस लिटरची टाकी ठेवली की आठवडाभर बघायलाच नको. पण सेन्सर अडकला आणि सगळं पाणी टँकमध्ये उतरलं तर? शंभर लिटरमध्ये पंचवीस लिटर कोरं पाणी म्हणजे खारेपणा 35 वरून 28 वर. सोमवारी शटर उघडेपर्यंत पोवळी गेलेली असतील. दहा लिटरची टाकी चुकून पूर्ण रिकामी झाली तरी तो 32 च्या जवळ थांबतो. धक्का बसतो, पण बहुतेक जीव वाचतात. म्हणून टाकी मुद्दाम दहा लिटरचीच. बिघाड होणार असं धरूनच त्याचं माप आधी ठरवून ठेवायचं.

विजेचंही तसंच. वीज गेली की सगळ्यात आधी संपतो तो पाण्यातला ऑक्सिजन. हीटर, दिवे, चिलर काही तास बंद राहिले तर चालतं. पाण्याची हालचाल थांबून चालत नाही. म्हणून दहा-बारा वॉटचा डीसी पंप आणि तो छोटा पंखा एवढंच इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायचं. बॅटरी धडधाकट असेल तर रात्र सहज निघते. दिव्यांचं मात्र सोपं आहे. पोवळ्याला आठ तास नियमित उजेड हवा, तो कधीचा हे त्याला महत्त्वाचं नाही. त्यामुळे टँकचा सूर्य सकाळी अकराला उगवेल आणि संध्याकाळी सातला मावळेल. माणसं असताना तो उजळलेला दिसावा.

जागा बघताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो जिन्यात. खाली कृषी सेवा केंद्र. कपाशीच्या हंगामात तिथे खोक्यांची चळत असते आणि तो ओळखीचा उग्र वास जिन्याने वर येतो. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं कोळंबीच्या जिवावर उठतात, माशांनाही घातक असतात. संध्याकाळी ऑफिसात लावतात त्या डासांच्या लिक्विडमध्येही बहुधा याच गटातलं औषध असतं. टँकमधलं स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र, खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळतं, म्हणजे हवेत जे असेल ते पाण्यात. उपाय असा: स्किमरची हवेची नळी जिन्याकडून न घेता मागच्या बाजूच्या खिडकीतून, मध्ये कोळशाचं भांडं, फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा कायम, टँकच्या खोलीत डासांसाठी औषधाऐवजी खिडक्यांना जाळ्या, आणि काच पुसायला फक्त ओलं फडकं. देवाची उदबत्ती बाहेरच्या खोलीत लावायला शेठनी लगेच होकार दिला.

मासे-पोवळ्यांकडे मी शेवटी आलो, कारण तोवर यादी आपोआप लहान झालेली असते. रीफ बांधणारी कठीण पोवळी, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे हे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. आपल्या समुद्रातून उचललेलं असं पोवळं किंवा पोवळ्याचा जिवंत दगड कोणी स्वस्तात देऊ केला तरी तो मी टँकमध्ये उतरवत नाही. विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेल्या आंग्रिया बँकेवर आपल्याच हद्दीत पोवळ्यांची बाग आहे. ती तिथेच राहावी. टँकमध्ये कोरडा सिरॅमिक दगड, त्यावर बिल आणि मूळ ठिकाण माहीत असलेली मोजकी मऊ पोवळी: मशरूम आणि लेदर. त्यांना कॅल्शियम कमी लागतं, त्यामुळे शनिवारी दहा लिटर पाणी बदललं की भागतं. झोअँथिड दिसायला सुंदर, पण त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. ज्या ऑफिसात शेतकऱ्यांची लेकरं काचेला नाक लावून उभी राहणार, तिथे ती नकोत. मासे म्हणजे क्लाउनफिशची एक जोडी आणि एक गोबी. क्लाउनफिश हॅचरीत पैदास केलेलेच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही अशी हॅचरी उभी राहिली आहे. समुद्रातून उपसलेल्या क्लाउनफिशची गरजच उरलेली नाही.

मुहूर्ताचा प्रश्न आलाच. शेठना अक्षय तृतीयेला पाणी भरायचं होतं. ऐन उन्हात! मी तुळशीच्या लग्नानंतरचा दिवस मागितला. दिवाळीची रंगरंगोटी तोवर उरकलेली असते, फटाक्यांचा धूर विरलेला असतो, कुलपाचे दिवस संपलेले असतात. मग चार ते सहा आठवडे टँकमध्ये मासे-पोवळी काही नाही. या काळात अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर घर करतात. त्यांच्याआधी मासा सोडला तर तो स्वतःच्याच अमोनियात गुदमरतो. संक्रांतीच्या सुमारास मासे, शिवरात्रीच्या पुढेमागे पोवळी. पहिला उन्हाळा येईपर्यंत टँक पाच महिन्यांचा झालेला असेल.

ऑफिस भाड्याचं आहे. करार अकरा महिन्यांचा, आणि नीट ठेवलेला क्लाउनफिश दहा वर्षांहून जास्त जगतो. जागा सोडावी लागली तर ही जोडी कुठे जाणार, हे मी आखणीच्या कागदावर लिहायला लावलं. शेठनी आपल्या घरचा पत्ता लिहिला.

उरला प्रश्न रोज टँक बघणाऱ्या माणसाचा. शेठनी शिपायाचं नाव सुचवलं, पण माझी नजर दिवाणजींवर होती. ज्या हाताने रोजचा जमाखर्च पैशा-पैशाने जुळवला जातो, त्याच हाताला रोज सकाळी तापमान आणि खारेपणा लिहायची सवय लागते. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब कसे टाकायचे ते मी दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, उजेडाकडे तोंड केलं, आणि निळ्या-पांढऱ्या रेघेवरचा आकडा बरोबर वाचला. मग वहीची नवी पानं आखली: तारीख, वेळ, तापमान, खारेपणा, टाकीतलं पाणी, शेरा. त्यांची एकच अट होती. "आयतवारी शटरची चाबी मालकाकडं असते. मले दुसरी चाबी पायजे. मी देवळातून येता येता पाहून जाईन."

शेठनी दुसरी किल्ली करून दिली. त्यानंतरच मी अकोल्याला फोन करून काच कापायला सांगितली.