लाँचमध्ये बसण्याआधी लाइफ जॅकेट

सुट्टीत बावड्याहून बरीच कुटुंबं मुंबई पाहायला जातात. गेटवेहून घारापुरीला लाँचने साधारण तास लागतो. बोट लागत असेल तर गोळी विचारून अर्धा तास आधी घ्या, मधल्या भागात बसा, लांब क्षितिजाकडे पाहा.

पण "डॉक्टर, आम्ही नीरेत पोहत वाढलो," म्हणून जॅकेट टाळू नका. मे 2024मध्ये आपल्या उजनीत कळाशीजवळ बोट उलटून सहा जण गेले. त्याच डिसेंबरात घारापुरीच्या वाटेवर नीलकमल बोटीच्या अपघातात पंधरा. अचानक पाण्यात पडलेला माणूस घाबरून धापा टाकतो, तेव्हाच नाकातोंडात पाणी जातं. पट्टीचा पोहणाराही तिथे फसतो. जॅकेट तोंड पाण्यावर ठेवतं. बोट सुटण्याआधीच घाला, पट्टे आवळा, मुलांसाठी त्यांच्या मापाचं मागून घ्या.