काळ्या पडद्यामागे

"दादा, पासवर्ड बरोबरच आहे. तो घेतोही. क्षणभर पडदा काळा होतो आणि परत पासवर्डच मागतो."

सराव परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तालुक्याच्या एका शाळेतून बाईंचा फोन आला. प्रश्नपत्रिका त्याच संगणकात होत्या. कुणीतरी त्यांना सांगून मोकळं झालं होतं, "फॉरमॅट मारावा लागेल."

शाळांमधले लिनक्सचे संगणक सांभाळायचं काम मी करतो आणि हे वाक्य ऐकलं की जीव तुटतो. पडदा येत नाही म्हणजे संगणक गेला, असं नसतं. १९८४ साली एमआयटीत एक्स विंडो सिस्टिम तयार झाली, तेव्हापासून पडद्यावर खिडक्या रंगवणारा प्रोग्रॅम आणि मूळ यंत्रणा ही दोन वेगळी माणसं आहेत. एक आजारी पडलं तरी दुसरं कामावर असतं. कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, चालू असतो, डिस्क चालू असते, फायली जागच्या जागी असतात. त्यांच्यापर्यंत जायचा मागचा दरवाजा तेवढा माहीत हवा.

शाळेत पोचलो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकत्र दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिनची ओळ आली. बाईंनी तोच पासवर्ड टाकला आणि आत शिरल्या. म्हणजे पासवर्ड ठीक, खातं ठीक. अर्धी काळजी इथेच मिटली.

मग डीएफ ही आज्ञा देऊन जागा पाहिली, कारण डिस्क भरली तरी अगदी हेच लक्षण दिसतं. ईएक्सटी-फोर प्रकारच्या डिस्कवर सहसा ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य प्रशासकासाठी, राखून ठेवलेली असते. त्यामुळे यंत्रणा उठून बसते, पण साध्या वापरकर्त्याला एक चिमुकली फाइलही लिहिता येत नाही आणि तो दारातूनच परत येतो. इथे मात्र जागा भरपूर होती.

पुढे लाइटडीएमची नोंदवही उघडली. लाइटडीएम म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम. शेवटच्या ओळींवर मी विसंबत नाही. पहिली चूक कुठे झाली ते शोधतो, कारण पुढच्या तक्रारी बहुतेक तिच्याच पोटी आलेल्या असतात. ती सापडली: एक्सऑथॉरिटी ही फाइल लिहायला परवानगी नाही. टिंबाने सुरू होणारी ही लपलेली फाइल म्हणजे पडदा वापरण्याचा परवाना. आज्ञा देऊन तिचा तपशील पाहिला. मालकाच्या रकान्यात बाईंच्या खात्याचं नाव हवं होतं. तिथे रूट होतं.

विचारलं तेव्हा उलगडा झाला. आदल्या दिवशी पडदा अडकला होता. कुणीतरी सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, पडदा सुरू करणारी स्टार्टएक्स ही आज्ञा चालवली होती. संगणकावर लिनक्स मिंटची जुनी आवृत्ती होती. तिच्यात असं केलं की ती फाइल वापरकर्त्याच्याच घरात, पण रूटच्या नावाने तयार होते. घर बाईंचं, कुलूप दुसऱ्याचं.

मालक बदलणाऱ्या चाऊन या आज्ञेची एक ओळ लिहून फाइलची मालकी बाईंच्या खात्याला परत दिली. कंट्रोल, ऑल्ट, एफ-सेव्हन दाबून लॉगिनच्या पडद्यावर आलो. बाईंनी पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला, आम्ही श्वास रोखला आणि डेस्कटॉप उघडला. प्रश्नपत्रिकांचं फोल्डर जिथल्या तिथे होतं.

लक्षण एक, कारणं अनेक. म्हणून अंदाजाने औषध देऊ नये. लॉगिनचा पडदाच येत नसेल आणि आदल्या दिवशी कर्नल अद्ययावत झाला असेल, तर संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर घ्यावा आणि संगणक सुरू होतानाच्या ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडून पाहावा. एका वेळी एकच बदल करावा आणि केलेला बदल कागदावर लिहून ठेवावा. पाच गोष्टी एकदम बदलून संगणक सुरू झाला, तर नेमकं काय बिघडलं होतं हे कायमचं हरवतं.

निघताना बाईंनी वहीत तीन ओळी लिहून घेतल्या: अक्षरांच्या पडद्यावर जा, जागा बघा, नोंदवही वाचा. तुम्हीही लिहून ठेवा. फॉरमॅट केव्हाही करता येतो. पुसलेली वर्षानुवर्षांची मेहनत मात्र परत येत नाही.