डोंगर जुळेपर्यंत

लेकीच्या फोनमध्ये त्या जागेची खूण होती. माझ्याजवळ एक जुना काळा-पांढरा फोटो होता, आणि तोही झेरॉक्स काढलेला.

"बाबा, सरळ तिथे नेऊन गाडी उभी करते की," ती म्हणाली.

"मग शोधायचं काय?"

जावई मागे बसून संत्रं सोलत होते. बापलेकीच्या वादात पडायचं नाही, एवढं शहाणपण त्यांना लग्नानंतर लवकरच आलेलं आहे.

कॅलिफोर्नियातलं मोहावीचं वाळवंट. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेरच्या वाळूच्या लाटा येतात. इथे तसं काही नाही. खडीची, कडक, फिकट जमीन आणि तिच्यावर क्रिओसोटची झुडपं, एखाद्या कंजूष माळ्याने अंतर मोजून लावल्यासारखी. त्याची पानं चुरगळली की पावसाचा वास येतो, असं तिथली माणसं म्हणतात. माझ्या नाकाला तो डांबराच्या जवळचा वाटला. आपला पाऊस मातीचा वास घेऊन येतो, त्यांचा या झुडपाचा. याच वाळवंटात या जातीचं एक कडं करून वाढलेलं झुडूप सुमारे ११,७०० वर्षांचं असावं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. इथे घाई कुणालाच नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जनरल पॅटनने इथून पूर्वेला रणगाड्यांचा सराव सुरू केला. त्या रणगाड्यांचे माग जमिनीवर अजून दिसतात. आमच्या अंगणात सकाळी काढलेली रांगोळी दुपारपर्यंत टिकत नाही.

आम्ही शोधत होतो एका विमानाची पडायची जागा. एक्स-१५. त्याला स्वतःच्या बळावर धावपट्टीवरून उडता येत नसे. बी-५२ या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखाली टांगून वर न्यायचं, सोडून द्यायचं आणि मग रॉकेट पेटवायचं. दीडेक मिनिटात रॉकेटचं काम संपे. पुढचा सारा प्रवास भिरकावलेल्या दगडाचा, आणि शेवटी कोरड्या तळ्यावर इंजिनाशिवाय उतरणं. अशी तीनच विमानं बांधली होती. १९५९ ते १९६८ या काळात १९९ उड्डाणं झाली आणि त्यांत एक माणूस गेला. मायकेल ॲडम्स, १५ नोव्हेंबर १९६७.

मला या सगळ्याचं वेड कुठून लागलं, हे सांगायला हवं. मी ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये होतो. जन्मभर दुसऱ्यांनी केलेलं काम बघायचं आणि शिक्का मारायचा, एवढंच केलं. प्रत्येक इन्स्पेक्टरचा शिक्का वेगळा, त्यावर त्याचा नंबर. शिक्का कुणाला उसना द्यायचा नाही, टेबलावर विसरायचा नाही. लग्नातली अंगठी मी दोनदा हरवली, शिक्का कधीच नाही. कुठल्याही विमानाचा तुकडा हातात आला की माझी नजर आधी नंबर शोधते आणि मग शिक्का. एक्स-१५ बांधणाऱ्या नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या आराखड्यांत या विमानाचा क्रमांक होता २४०. त्यांच्या रीतीप्रमाणे सुट्या भागाच्या नंबराची सुरुवातही त्यावरूनच व्हायची. हे २४० मी मनाशी घोकत होतो, मुलं पाढे घोकतात तसं.

जमिनीवर पडलेली विमानं शोधणाऱ्यांची इथे एक जमातच आहे. निवृत्त तंत्रज्ञ, हौशी इतिहासकार, रविवारी घरी न बसणारे नवरे. त्यांची पद्धत मला फार आवडली. अपघाताच्या अहवालात अंतर आणि दिशा असते, पण ती ढोबळ. खरा पत्ता फोटोत असतो, आणि तोही विमानात नसतो, मागच्या डोंगरांत असतो. अवशेष ट्रकमध्ये घालून नेले जातात, उरलंसुरलं पुरलं जातं, रस्ते बदलतात. डोंगराची कड मात्र तशीच राहते. फोटो हातात धरून, समोरची कड आणि फोटोतली कड एकमेकींवर बसेपर्यंत चालत राहायचं.

हे मला परकं नव्हतं. पाऊस उघडल्यावर ओझरहून चांदवडकडे जाताना सातमाळ्यात धोडप दिसतो, ती आडवी भिंत आणि तिच्यातली खाच. ती खाच केवढी दिसते, त्यावरून आपण कुठे आहोत ते कळतं. आणखी एक गंमत: चालायला लागलं की जवळची टेकडी मागे सरकते आणि लांबचा डोंगर ढिम्म उभा राहतो. दोघांची मांडणी फोटोतल्यासारखी व्हायला जगात एकच जागा असते. तिथे एकदा फोटो काढणारा उभा होता.

वाटेत रँड्सबर्ग लागलं. १८९५ साली इथे सोनं सापडलं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींवरून गावाला नाव पडलं. शेजारच्या वस्तीचं नाव तर चक्क जोहान्सबर्ग. मुख्य रस्ता दोन मिनिटांत संपतो. दुकानात आइस्क्रीम घातलेला सोडा मिळतो. जावयांनी दोन घेतले. मी एकच, मधुमेहाला मान देऊन.

गावाच्या वायव्येला मातीचा रस्ता सुरू झाला आणि फोन गप्प झाला. खुणेची टाचणी होती तिथेच, पण खालचा नकाशा नुसता करडा चौकोन. मी काही बोललो नाही. बापाने अशा वेळी बोलू नये.

त्या दिवशी नेमकं काय झालं, ते मी चालता चालता जावयांना सांगत होतो. त्यांना सॉफ्टवेअर कळतं, म्हणून सांगायला सोपं गेलं. ॲडम्सचं हे सातवं उड्डाण. वर जातानाच एका प्रयोगाच्या मोटरमुळे विजेचा गोंधळ झाला आणि नियंत्रण यंत्रणा अडखळायला लागली. विमान २,६६,००० फुटांवर पोचलं, म्हणजे ८१ किलोमीटर. तिथे हवा जवळजवळ नाही, त्यामुळे नाक कुठेही वळलं तरी विमान जायचं तिकडेच जातं आणि अंगाला काही जाणवत नाही. ॲडम्सच्या समोरच्या एका उपकरणात एकच सुई दोन कामं करायची. बटण एकीकडे असेल तर विमान कुशीवर किती कललंय ते दाखवायची, दुसरीकडे असेल तर नाक किती आडवं गेलंय ते. त्या वेळी ती कलणं दाखवत होती. त्याने बहुधा ती नाकाची समजून वाचली आणि त्याप्रमाणे विमान सरळ करत राहिला. विमान आडवं झालं, मग उलटं, आणि ध्वनीच्या पाचपट वेगात गरगरायला लागलं. विमानाचं नाक कुठे आहे हे दाखवणारी तबकडी जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात नव्हती. तिथल्या माणसांना आधी काही कळलंच नाही.

"म्हणजे युझर इंटरफेसचा बग," जावई म्हणाले.

मला राग यायला हवा होता. पण ते खरंच होतं. आम्ही नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो: आधी गेजवरचं लेबल वाच, मग काटा. सुई त्या दिवशी बरोबरच होती. प्रश्न दुसराच विचारला गेला होता.

त्यातूनही विमान १,१८,००० फुटांच्या आसपास गरगरण्यातून बाहेर आलं होतं. पण मग नियंत्रण यंत्रणेनेच नाक वरखाली हिंदकळवायला सुरुवात केली, ताण वाढत गेला, आणि साठेक हजार फुटांवर विमान फुटलं. सोडल्यापासून पाच मिनिटंही झाली नव्हती. ओझरला आमचा चहाचा ब्रेक दहा मिनिटांचा असायचा.

मला या गोष्टीत सगळ्यात जवळचा वाटतो तो नंतरचा शोध. वैमानिकाच्या समोरची उपकरणं टिपणारा एक कॅमेरा आत बसवलेला होता. त्याची फिल्म मिळाली तर सुयांनी काय दाखवलं ते कळणार. कॅमेरा मिळाला, फिल्मची डबी नव्हती. तेव्हा हे विमान उडवणाऱ्या संशोधन केंद्रातली माणसं स्वतःहून वाळवंटात उतरली. रांगा करून, पायाशी बघत चालली. पुन्हा चालली. मग कुणीतरी हिशेब मांडला की डबी हलकी, त्या दिवशी वारा मोठा. ती विमानाबरोबर पडलीच नसेल, वाऱ्याबरोबर गेली असेल. त्या दिशेने पुन्हा रांग लावली, आणि २९ नोव्हेंबरला, अपघातानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, त्यांच्यातल्याच एकाला ती झुडपांमध्ये सापडली.

मी त्या माणसांचा विचार करतो. त्यांतल्या काहींनी हेच विमान पन्नास वेळा तपासलं असेल. त्यांच्यातल्या कुणाच्या खिशात शिक्का असेल. आपण पास केलेली वस्तू जमिनीवर तुकड्यांत शोधायची, आणि मनातून दोन उलट प्रार्थना करायच्या: ती डबी सापडू दे, आणि तिच्यात माझ्या हातचं काही निघू नये. याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. इन्स्पेक्टर लोक लिहीत नाहीत. रकाने भरतात.

तासाभराने लेकीने हाक मारली. ती माझ्या डावीकडे, बरीच पुढे गेली होती. "बाबा, ही बुटकी टेकडी त्या खाचेखाली आली!" मी फोटो तिच्या हातात दिला आणि ती मागेपुढे सरकत राहिली, दोन पावलं, मग अर्धं. थांबली. फोटोत विमानाचं चुरगळलेलं धड होतं, त्याच्या भोवती कमरेवर हात ठेवून उभी असलेली माणसं, त्यांच्या मागे ही कड. समोर नुसती कड होती. आणि थोड्या अंतरावर एक छोटं स्मारक, २००४ साली एका स्काउट मुलाच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. ते आधी दिसलं असतं तर आम्ही फोटोकडे बघितलंही नसतं, हे कबूल करायला हवं.

स्मारकापाशी आम्ही जरा वेळ उभे राहिलो. जावयांनी टोपी काढली, म्हणून मीही काढली. मग तिघंही नकळत खाली मान घालून चालायला लागलो. गंजलेले सार्डिनचे डबे पुष्कळ. खाणवाल्यांनी सोन्यापेक्षा डबेच जास्त उकरले असावेत. एका बिळाच्या तोंडाशी तळहाताएवढा पत्रा दिसला. अर्धा पुरलेला, कडेला फाटलेला, चार रिव्हेट अजून जागच्या जागी. मी गुडघ्यावर बसलो. आधी नंबर शोधला. मग शिक्का. अंगठ्याने माती पुसली, चष्मा वर करून डोळ्याजवळ नेला. काहीच नव्हतं. तो एक्स-१५चा होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. या टापूत इतकी विमानं पडली आहेत की सापडलेल्या प्रत्येक पत्र्याला आपलं नाव द्यायचा मोह आवरावा लागतो. रिव्हेट मात्र छान बसवले होते. डोकी सारखी, पत्रा कुठे दबलेला नाही.

"बाबा, आठवण म्हणून घ्यायचा?" जावयांनी विचारलं.

"नको हो. इथलं इथेच राहू द्या." सरकारी जमिनीवरचे असे अवशेष उचलू नयेत असा तिथला नियम आहे, तोही सांगितला. पत्रा निघाला होता तिथे जमिनीत त्याच्या आकाराची खोबण राहिली होती. मी तो तसाच पालथा तिच्यात बसवला. उठताना उजवा हात सवयीने खिशापाशी गेला. निवृत्तीच्या दिवशी सही करून शिक्का परत दिला, त्याला आता किती वर्षं झाली.

वारा वाढला होता. आम्ही गाडीपाशी आलो. इथली कासवं उन्हाची गाड्यांच्या सावलीला येऊन बसतात, म्हणून निघण्याआधी खाली बघायचं असतं. आणि दिसलं तरी उचलायचं नाही. घाबरलं की साठवलेलं सगळं पाणी सोडून देतं आणि मग उन्हाळा काढू शकत नाही. लेकीने फोटोची झेरॉक्स माझ्या हातात दिली आणि खडीवर पोटावर आडवी झाली.

"पुढच्या चाकामागे बघ," मी म्हटलं.

"बघतेय, बाबा."