मारुतीचं इंजिन नको, प्लीज!

जुनी गाडी रिस्टोअर करायला घेतली की पहिला सल्ला अगदी फुकट मिळतो. ‘मारुतीचं इंजिन टाका, बात खतम!’ चहावाल्यापासून ऑफिसातल्या एचआरपर्यंत सगळे हेच सांगतात. आणि खरं सांगायचं तर सल्ला वाईट नाही. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, माझ्या गाडीचं ९१८. स्पेअर कुठेही मिळतात. दिवाळीपर्यंत गाडी रस्त्यावर!

गाडी म्हणजे आमच्या आबाजींची १९३६ ची मॉरिस एट. (ओळखीची वाटत नसेल तर अ‍ॅम्बेसेडर आठवा, तीही याच मॉरिस घराण्यातली.) भंडाऱ्याच्या घरामागे टिनाच्या शेडमध्ये चाळीसेक वर्षं उभी होती. मी सोमवार ते शुक्रवार नागपुरात लॅपटॉपसमोर, शनिवारी भंडाऱ्यात नखांत ग्रीस. त्याआधी स्वतःच्या बाइकचा प्लगसुद्धा कधी काढला नव्हता, बॉस!

घाई होती ती बाबांमुळे. वय ७८, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. लहानपणी याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून ते मामाकडे तुमसरला जायचे. दर शनिवारी एकच प्रश्न, ‘चालू होते का रे?’ मारुतीचं इंजिन टाकलं तर उत्तर सोपं होतं.

पण केंद्र सरकारचे २०२१ चे विंटेज गाड्यांचे नियम वाचले आणि थांबलो. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी विंटेज ठरते, पण चासी, बॉडी, इंजिन मूळ हवं. नव्याने नोंदणी केली तर २०,००० रुपये आणि ‘व्हीए’ असलेला नंबर. आधीपासून नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. (ऑफिसला मात्र नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, बस.) ट्रंकेत आबाजींचं रजिस्ट्रेशन बुक होतं. बाबांना तो नंबर आजही तोंडपाठ आहे. त्यांच्यासमोर दोन्ही पर्याय ठेवले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘नंबरच गेला तं ते आपली गाडी कशी?’

मग काय, मूळ इंजिनच! ते जाम होतं. अशा वेळी हँडल मारून जोर करायचा नाही, हे आधी लक्षात ठेवा. प्लग काढून भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडलं आणि दोन आठवडे हात लावला नाही. तिसऱ्या शनिवारी हँडल बोटभर हललं! नटबोल्टची वेगळीच गंमत. नटाला पाना लागतो इंग्लिश विटवर्थ मापाचा, आतले आटे मात्र मेट्रिक. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तिथल्या मशिनी मेट्रिक होत्या. हार्डवेअरच्या दुकानात हे समजावून बघा एकदा!

रेडिएटरने सगळ्यात जास्त छळलं. या गाडीला वॉटर पंपच नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरतं. म्हणजे तो गळका किंवा तुंबलेला चालतच नाही. नागपुरात दोघांनी ‘नवीन ॲल्युमिनियमचा लावा’ म्हणून परत पाठवलं. अहो, पण पितळी रेडिएटर घेऊन मी नागपुरात कशाला फिरत होतो? भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध! घरापासून दहा मिनिटांवर भांडी करणारे एक काका आहेत. त्यांनी टाकीवर टिचकी मारली, कानाने ऐकलं. ‘कोन्हं तरी आधी डाग देल्ला आहे. आच जास्त झाली तं तोही उसवन. घाई कायले करता?’ सात ठिकाणी डाग दिले. पैसे घेतले घागरीच्या हिशेबाने.

मागच्या रविवारी इंजिन अकरा मिनिटं चाललं. ब्रेकचे पाइप अजून यायचेत, त्यामुळे गाडी लाकडी ठोकळ्यांवर, चाकं काढलेली. बाबा तरीही मागच्या सीटवर जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं.