पार्ल्याचें पार्लेपण

पश्चिम रेल्वेनें मुंबईहून उत्तरेकडे जातांना सांताक्रूझ मागें पडतें न पडतें तोंच पार्ल्याचें स्टेशन येतें. पाटीवरील त्याचें नांव विलेपार्लें; परंतु तेथील रहिवासी त्यास नुसतें पार्लें म्हणतात व स्वतःस अभिमानानें 'पार्लेकर' म्हणवून घेतात. मुंबईंत वस्त्या शेंकडों आहेत. पण वस्तीच्या नांवावरून आपली ओळख सांगणारे लोक गिरगांव, दादर, पार्लें अशा थोड्याच ठिकाणीं आढळतात. हा अभिमान कशावर उभा आहे आणि जुनीं घरें झपाट्यानें पाडलीं जात असतां तो टिकेल काय, हें पाहावें म्हणून आम्हीं पावसाळा संपल्यावर दोन-तीन रविवार पार्ल्यांत पायीं फिरून घालविले. जें पाहिलें व ऐकलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पार्लें हें मूळचें खेडें. साष्टीच्या बेटावरील भातशेतें, आमराया व ताडामाडांची दाटी यांमध्यें तें वसलें होतें. जुन्या रहिवाशांत ईस्ट इंडियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांचीं पुष्कळ कुटुंबें होतीं. त्यांची घरची बोली मराठीच. त्यांचें गांवठाण अद्यापि आहे. अरुंद गल्ली, कौलारू घराचा ओटा आणि वळणावर फुलें वाहिलेला क्रूस, असा देखावा इमारतींच्या मागें अवचित दृष्टीस पडतो. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां दाट वस्तींतील लोकांस मोकळ्या हवेचें महत्त्व पटलें व उपनगरांकडे त्यांची दृष्टि वळली. पुढें १९२८ च्या जानेवारींत कुलाब्यापासून बोरीवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली आणि कारकून, शिक्षक, वकील अशा मंडळींस पार्ल्यास राहून फोर्टांत नोकरी करणें सोयीचें झालें. अंगणांत विहीर, ओटीवर झोंपाळा व परसांत आंबा-फणस अशीं घरें तेथें उभीं राहिलीं.

या नव्या मंडळींचा विशेष हा, कीं स्वतःचें घर नीट लागतें न लागतें तोंच त्यांनीं शाळेची काळजी वाहिली. लोकमान्य टिळक १९२० च्या ऑगस्टमध्यें दिवंगत झाले. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९२१ सालीं, पार्ले टिळक विद्यालय निघालें. १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत सत्याग्रहींची मोठी छावणी पार्ल्यास पडली व जमनालाल बजाज तिच्या अग्रभागीं होते. १९५९ सालीं पार्ले कॉलेज सुरू झालें; तेंच आजचें साठये महाविद्यालय. पु. ल. देशपांडे याच टिळक विद्यालयाचे विद्यार्थी, आणि विजय तेंडुलकरांचेंहि वास्तव्य दीर्घकाळ पार्ल्यांतच होतें. मोठा धनिक पाठीशीं असावा व मग संस्था निघावी, असा येथील क्रम नव्हता. मुलांस शाळा हवी, संध्याकाळीं कांहीं वाचावयास हवें, शेजारीं कोणी आजारी पडला तर धांवून जाणारीं माणसें हवींत, अशा रोजच्या गरजांतूनच हें सारें घडलें.

गांवाची दुसरी खूण नाकानें ओळखण्याची होती. १९२९ सालीं येथें गोळ्या-मिठाईचा एक कारखाना निघाला. पुढें त्यांत बिस्किटें होऊं लागलीं आणि गांवाचें नांव पुड्यांवर चढून देशभर गेलें. भट्टी चालू असली, कीं गोड खरपूस वास थेट गाडीच्या डब्यांत शिरे व डुलकी लागलेल्या प्रवाशासहि पार्लें आल्याचें कळे. २०१६ सालीं तो कारखाना बंद झाला. शहराच्या हिशेबांत ही बाब क्षुल्लक. पण पार्ल्यांतील वडील माणसें बोलतां बोलतां या वासाशीं येऊन थांबतात, हें आम्हीं अनेक घरीं पाहिलें.

पार्ल्याच्या जुन्या इमारती बेताच्याच उंचीच्या राहिल्या, त्यांत विमानांचा हात मोठा आहे. जवळच्या जुहूस १९२८ पासून विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचें विमान घेऊन तेथेंच उतरले. पुढें सांताक्रूझचा मोठा विमानतळ पार्ल्याच्या पूर्वेस वाढला. त्याच्या निकट असल्यामुळें घरांच्या उंचीवर सरकारी मर्यादा आली. आतां यांतील मेख अशी: जुनी इमारत पाडून नवी बांधणारा बिल्डर रहिवाशांस घरें फुकट देतो, तो आपला खर्च वरच्या जादा मजल्यांवरील घरें विकून काढतो. जेथें मजले वाढवितां येत नाहींत, तेथें तो फिरकत नाहीं. यामुळें साठ वर्षांच्या, गळक्या गच्चीच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत म्हातारीं माणसें तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलीं आहेत. आणि जेथें कसेंबसें गणित जमतें, तेथें चार घरांच्या जागीं चाळीस बिऱ्हाडें व तितक्याच मोटारी येतात. गल्ली मात्र बैलगाडीच्या काळची तेवढीच राहते. पदपथावर भाजीवाले, रस्त्यावर उभ्या मोटारी आणि मधून जीव मुठींत धरून चालणारीं शाळेचीं मुलें, हें स्टेशनच्या पूर्वेकडील नित्याचें चित्र आहे.

अशाच एका इमारतींत आमचे आप्त राहतात. पुनर्विकासाच्या विचारासाठीं रहिवाशांची सभा भरली होती, तींत आम्हीहि कोपऱ्यांत जाऊन बसलों. घरें पाडल्यावर तीन वर्षें भाड्यानें राहावयाचें, भाडें बिल्डर देणार. तें किती, मोटारीस जागा कोणास, स्वयंपाकघर केवढें, असा ऊहापोह तासभर चालला. इतक्यांत ऐंशीच्या घरांतल्या एक आजीबाई उठून म्हणाल्या, "भाडें द्याल तें ठीक, पण घर कोठें पाहून द्याल? बोरीवलीस कीं डोंबिवलीस? माझें देऊळ, माझा डॉक्टर, माझें वाचनालय, सारें पायीं दहा मिनिटांवर आहे. आणि तीन वर्षांनीं परत यायला मी असेन कीं नाहीं, हें तुमच्या कागदांत कोठें लिहिलें आहे?"

सभा स्तब्ध झाली. सर्वांच्याच मनांत असलेली गोष्ट त्यांनीं उघड बोलून दाखविली होती. मग दहा वर्षांपूर्वीं तेथें राहावयास आलेला एक तरुण गुजराती गृहस्थ उभा राहिला. मोडक्या मराठींत तो म्हणाला, "आजींना पार्ल्यांतच तळमजल्यावर घर मिळत नाहीं, तोंवर माझी सही मिळणार नाहीं." त्याच्यामागून आणखी चार हात वर झाले आणि साठ वर्षांवरील प्रत्येक रहिवाशास स्टेशनच्या पूर्वेसच जागा दिली पाहिजे, अशी अट मसुद्यांत लिहिली गेली. बिल्डर ती मान्य करील किंवा न करील. आम्ही परतलों तोंवर त्याचें उत्तर आलें नव्हतें.

या प्रसंगानें आम्हांस पुष्कळ विचार करावयास लावलें. पार्ल्यांत फिरतांना 'आतां पूर्वीचें पार्लें राहिलें नाहीं', 'बाहेरचे लोक आले', हे उद्गार वारंवार कानीं येतात. त्यांतील हळहळ खरी आहे, तिची चेष्टा कोणी करूं नये. परंतु गांवठाणांतील त्या क्रूसापाशीं क्षणभर उभें राहिलें, म्हणजे ध्यानांत येतें कीं, शंभर वर्षांपूर्वीं ओटीवर झोंपाळे टांगणारे आपले आजे-पणजेहि तेथें बाहेरचेच होते. भातशेतें त्यांच्याच बंगल्यांखालीं गेलीं. ते पार्लेकर ठरले ते आधीं आले म्हणून नव्हे. गांवाचा भार त्यांनीं आपला म्हणून उचलला, यास्तव ठरले. तोच न्याय आजहि लावावा लागेल. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्रीं मुंबईंत ठिकठिकाणीं अनोळखी माणसांनीं अनोळखी माणसांस घरांत घेतलें, तेव्हां कोण कधीं राहावयास आला याची चौकशी कोणीं केली नाहीं.

मात्र यावरून जुन्यांनीं स्वस्थ बसावें असें नाहीं. नव्या इमारतीस फाटक व पहारेकरी असतो, खालीं व्यायामशाळा असते, आणि तेथील कुटुंबास शेजारच्या गल्लींत वर्षानुवर्षें पाऊल टाकण्याची गरज पडत नाहीं. त्यांना संघाच्या पायऱ्या चढावयास कोणीं बोलाविलें आहे काय? आमच्या मतें प्रत्येक जुन्या घरानें एका नव्या बिऱ्हाडास ग्रंथसंग्रहालयाचें सभासद करून द्यावें, व्याख्यानास बरोबर न्यावें, इमारतीच्या कमिटींत एक जागा त्यांस आपणहून द्यावी. भाषेची अडचण वाटेल. पण मोडक्या मराठींत आजींची बाजू घेणारा तो शेजारी अस्खलित बोलूं लागण्यास फार दिवस लागणार नाहींत.

पार्ल्यास कधीं जाणें झालें, तर वाचकांनीं स्टेशनवर रिक्षा करूं नये. पूर्वेस उतरून बाजारांतून वाट काढीत हनुमान रोडकडे पायीं जावें. वाटेंत पाडलेल्या घरांचीं मोकळीं आवारें दिसतील, त्यांत एखादें आंब्याचें झाड अजून उभें असेल. सवड असल्यास संध्याकाळीं लोकमान्य सेवा संघांत डोकवावें व तेथें किती माणसें बसलीं आहेत, त्यांत तरुण किती व नवे किती, हें मोजून पाहावें. पार्ल्याच्या प्रकृतीचें मान आम्हांस तेथेंच उत्तम कळलें.